नाशिकहून डर्बीला

इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होते, बहुतेक फेब्रुवारीतल्या रविवारी. काका तिथले मेंबर. त्यांनी पास दिले आणि फोनवर बजावलं, "जावईबापूंना सांग, जीन्स नको, स्पोर्ट्स शूज नकोत. गेटवरच अडवतील."

मेंबर्सच्या भागात पुरुषांनी सूट नाहीतर बंदगळा घालावा, बायकांना साडी किंवा चांगला ड्रेस चालतो. पब्लिक स्टँडला एवढं सोवळं नाही, नीटनेटके कपडे पुरतात. तरी निघण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

सासूबाईंचा आग्रह येवल्याच्या पैठणीचा. "एवढी बडी मंडळी येणार आणि तू साधी साडी नेसणार?" माझा हिशेब वेगळा होता. डर्बी 2400 मीटरची, जेमतेम अडीच मिनिटांत आटोपते. आपण मात्र दुपारपासून दिवस कलेपर्यंत उन्हात, हिरवळीवर, नाहीतर रांगेत. कपडे त्या वेळासाठी निवडायचे. पैठणी कपाटातच राहिली. हलकी महेश्वरी नेसले आणि पायात सपाट चपला. नाशिक रोडला पहाटे स्वेटर लागतोच, कसारा उतरला की तो पिशवीत जातो. ह्यांनी ब्लेझर दादरपर्यंत मांडीवर घडी करून नेला आणि लोकलमधून उतरल्यावर अंगात चढवला. दमट हवेत घामाने भिजण्यापेक्षा हे बरं.

फोटोत दिसतात तशा पिसांच्या टोप्या खरंच असतात, आणि बघायला मजाही येते. पण माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंची टाच हिरवळीत अशी रुतली, की पाय बाहेर आला आणि सँडल तिथेच!

रेस सुरू व्हायला वेळ असतो तेव्हा सगळे बारकडे पळतात. तुम्ही पॅडॉकला जा. तिथे घोडे गोल फिरवतात, अगदी हातभर अंतरावरून. कातडीखालच्या शिरा दिसतात, नाल वाजलेली ऐकू येते. एका घोड्याच्या मानेवर लगाम घासून पांढरा फेस आला होता. काका हळूच म्हणाले, "हा इथेच दमला बघ." डर्बीत चार वर्षांचे घोडे पळतात, म्हणजे प्रत्येकाला ही संधी आयुष्यात एकदाच. मग जॉकी, म्हणजे घोड्यावर बसणारे स्वार, येतात, मालकाच्या रंगांचे रेशमी शर्ट घालून. लांबून घोडा ओळखायचा तो ह्याच रंगांवरून. रेसबुकात, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यतींच्या पुस्तिकेत, रंग दिलेले असतात, ते आधी पाहून ठेवा. नाहीतर समोरून घोळका धडधडत जातो आणि आपला कुठला हेच कळत नाही.

पैसे लावायचेच असतील तर टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवर पैसे लावायच्या, खिडकीवर 'विन' (घोडा पहिला यायला हवा) किंवा 'प्लेस' (पहिल्या काहींत आला तरी चालतो) सांगा. 'टनाला'त पहिले तिघे क्रमाने ओळखावे लागतात, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. घरून किती न्यायचे ते ठरवून तेवढेच न्या, गेले तर गेले.

आणि घोडा हरल्यासारखा वाटला तरी तिकीट लगेच फाडू नका. रेस झाल्यावर जॉकींचं वजन होतं, कुणी हरकत घेतली तर तिचा निकाल लागतो आणि क्रम बदलूही शकतो. निकाल पक्का झाल्याशिवाय खिडकीवर पैसे मिळत नाहीत. आमच्या शेजारचे गृहस्थ तेवढ्यात तिकिटाचे तुकडे करून मोकळे झाले होते. काका मात्र आपलं तिकीट खिशात घालून शांतपणे चहा पीत होते.