भुसावळच्या जुन्या दफनभूमीतील थडगी वाचताना

माझे आजोबा जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होते आणि भुसावळच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीला आमच्या घरात ‘गोऱ्यांचे कबरस्तान’ असेच म्हणत. निवृत्तीनंतर तेथील थडग्यांची यादी करायला घेतली, तेव्हा महिनाभरात काम उरकेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात दोन हिवाळे गेले.

पहिला दीड महिना नुसत्या परवानगीतच गेला. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नावर एक कार्यालय मला दुसऱ्याकडे पाठवी आणि दुसरे पुन्हा पहिल्याकडे. अखेर फादरांनी, एकही दगड जागचा हलवायचा नाही या अटीवर, फाटकाची किल्ली दिली. काम दिवाळीनंतरच सुरू करावे लागते, कारण पावसाळ्यात गवत छातीइतके वाढते व त्यात सापांचा वावर असतो, आणि मार्च उलटला की तापलेल्या फरशीवर गुडघे टेकवत नाहीत. राखणदार बाबांना माझा खटाटोप बरेच दिवस उमगला नाही. “काय शोधून राहिले भाऊ, धन-बिन?” असे त्यांनी एकदा सरळच विचारले.

सुरुवातीलाच माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. शेवाळ काढण्यासाठी मी तारेचा ब्रश वापरला आणि एका संगमरवरी पाटीवरील आधीच झिजलेल्या दोन ओळी कायमच्या पुसट केल्या. त्यानंतर साधे पाणी, नारळाची मऊ काथी आणि घरातला आरसा यांपलीकडे मी काही वापरले नाही. आरशाने सूर्याचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडला, की समोरून कोरा दिसणारा दगड अक्षरे दाखवू लागतो. काही पाट्यांवर अक्षरांच्या खाचांत शिसे भरलेले होते. ते कोणीतरी उकरून नेले आहे, पण शिसे पक्के बसावे म्हणून पाडलेली बारीक छिद्रे शिल्लक आहेत आणि त्या छिद्रांवरूनही अक्षर ओळखता येते. ज्या पूर्ण पाट्याच नाहीशा झाल्या आहेत, त्यांतील काहींवर आज कोणाचे तरी कपडे धुतले जात असावेत.

१८६७ साली नागपूरपर्यंत आणि १८७० साली जबलपूरमार्गे थेट कलकत्त्यापर्यंत गाड्या धावू लागल्या, तसे भुसावळ हे मोठे जंक्शन झाले आणि ड्रायव्हर, गार्ड, प्लेटलेअर (रूळ बसवणारे व त्यांची निगा राखणारे) अशी युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबे येथे वसली. थडगी आहेत ती बहुतेक याच लोकांची. साहेब म्हणावेत असे त्यांत थोडेच, आणि लहान मुले फार.

मात्र दगड नाव व तारीख सांगतो, जगणे सांगत नाही. त्यासाठी चर्चची दफन नोंदवही पाहावी लागली. तिच्यात मृत्यूचा दिवस, पुरल्याचा दिवस, वय, धंदा आणि मृत्यूचे कारण असे रकाने आहेत. ताप, पटकी, ऊन लागणे, गाडीखाली सापडणे ही कारणे पुन्हा पुन्हा येतात. १९१८ च्या ऑक्टोबरात, म्हणजे मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीत, लिहिणाऱ्याचे अक्षर घाईचे होते आणि पाने भराभर भरतात. काही पाने वाळवीने खाल्ली आहेत; पण अशा नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात, आणि मुंबई इलाख्याच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत जपलेल्या आहेत. त्यामुळे चार-पाच गाळलेल्या जागा मला घरी बसून भरता आल्या.

एका हातभर लांबीच्या थडग्यापाशी मी तीन सकाळी घालवल्या. बाळाचे वय महिन्यांत दिलेले होते, पण तो आकडा १ आहे की ७, हे आरशानेही ठरेना. नोंदवहीत उलगडा झाला: वय ७ महिने, वडील ड्रायव्हर, कारण ‘दात येणे’. त्या काळी डॉक्टर हे कारण सर्रास लिहीत. पुढे तीन वर्षांनी त्याच ड्रायव्हरच्या आणखी एका मुलाची नोंद सापडली, वय दोन वर्षे, कारण ताप. त्याच्या नावाचा दगड मी ओळीने सगळी थडगी पुन्हा पाहूनही मिळाला नाही. पहिल्या पाटीच्या पायथ्याशी मुंबईच्या पाथरवटाचे नाव बारीक अक्षरांत कोरलेले आहे. तेथून दगड घडवून रेल्वेने आणवणे ड्रायव्हरच्या पगारात दुसऱ्यांदा जमले नसावे, असे मला वाटते. मग मी यादीची दोन भागांत मांडणी केली, दगड असलेले आणि केवळ नोंदवहीत असलेले. दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोठा झाला.