सातारा ते मिरज, एका जुन्या बेस गिटारसाठी

सातारा स्टँडवर सकाळी सांगलीच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्यासोबत एक बेस गिटार होती, म्हणजे खालच्या स्वरांची, चार तारांची गिटार. ती विकायची होती आणि येताना दुसरी, माझ्याहून वयाने मोठी, घेऊन यायची होती. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा करत सांगली यायला साडेतीन तास लागले. पहिली सूचना इथेच सांगतो. बेस कधीही डिकीत टाकू नका. पिशवीसकट चार फुटांच्या वर जाते, पण शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात, डोकं वर करून, दोन गुडघ्यांमध्ये व्यवस्थित बसते. कंडक्टरला आधीच सांगितलं की "वाद्य आहे", तर सहसा कुणी हरकत घेत नाही. तारा अर्ध्या-एक सुराने उतरवा, पूर्ण सैल करू नका. चारही तारांचा मिळून ऐंशी किलोच्या आसपास ताण त्या दांडीवर असतो. तो एकदम काढला की दांडी हलते आणि मुक्कामी पोचून दोन दिवस सूर टिकत नाही.

जुन्या बेससाठी सांगलीच का, असं मला घरीही विचारलं गेलं. आपल्या या पट्ट्यात जत्रांमधून, गणपतीत, लग्नांत ऑर्केस्ट्रा गाजले. त्या काळी प्रत्येक ताफ्यात एक बेसवाला असायचाच. राहुल देव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी जी बेस वाजवली, ती ऐकून इथल्या किती पोरांनी चार तारा हातात घेतल्या असतील! पुढे कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने ते काम घेतलं आणि बेस माळ्यावर गेल्या. त्या अजून आहेत. विचारत गेलं की सापडतात. ढोलकीवाले, साउंडवाले, बँडवाले यांना विचारा, त्यांना कुणाच्या घरी काय पडलंय ते माहीत असतं.

सांगलीत कुठलीही जुनी वस्तू घेताना पहिला प्रश्न एकच असावा: "पुरात होती का?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यात किती घरांतली वाद्यं गेली, याचा विचार केला तरी गलबलतं. पुरातली गिटार वरून पुसून छान दिसते. म्हणून मागची किंवा पुढची पट्टी स्क्रू काढून उघडायला लावा. आत कोपऱ्यात मैद्यासारखी बारीक माती साचलेली दिसली, पिकअपचे (तारांचं कंपन टिपून अँपकडे पाठवणाऱ्या भागाचे) स्क्रू खालून गंजलेले असले, पडद्यांची (दांडीवरच्या आडव्या धातूच्या कांड्यांची) टोकं बोटाला टोचत असली, तर ती गिटार कितीही स्वस्त असो, घेऊ नका. पिकअपची तार केसाहून बारीक असते. गंज एकदा आत शिरला की ती आज ना उद्या तुटते.

पहिल्या घरी मला "१९५५ ची फेंडर" दाखवली. फेंडर या अमेरिकन कंपनीची प्रिसिजन बेस बाजारात आली १९५१ मध्ये, तेव्हा हे साल अशक्य नव्हतं. पण हिचा पिकअप दोन तुकड्यांचा, पुढे-मागे सरकवून बसवलेला होता, आणि तो आला १९५७ मध्ये. पट्टी उघडली तर आतले पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे भाग, हल्ली मिळतात तसले लहान, नवे. मालकाला मी शांतपणे हे दाखवलं. त्यांनाही ती कुणीतरी तशीच विकली होती. त्यांचा चेहरा पडला ते बघवलं नाही. अशा ठिकाणी वाद घालू नका, चहा घ्या आणि निघा. साठ-सत्तरच्या दशकातल्या खऱ्या अमेरिकन पॉटवर बहुधा सात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, म्हणजे १३७ असेल तर सीटीएस, ३०४ असेल तर स्टॅकपोल. पुढचे दोन साल आणि शेवटचे दोन त्या सालातला आठवडा. १३७७३१२ असेल तर १९७३ चा बारावा आठवडा. हा आकडा इतकंच सिद्ध करतो की गिटार त्याआधीची नाही. पॉट वर्षभर खोक्यात पडूनही राहिलेला असू शकतो.

मला जी हवी होती ती विश्रामबागच्या बाजूला, एका काकांच्या घरी मिळाली. काका २५ वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवत होते. आता बोटांना संधिवात. ट्रंकेतून त्यांनी ती काढली तेव्हा तिच्यावर धुतलेलं पांढरं धोतर गुंडाळलेलं होतं. जपानी इबानेझ, कडेला काळसर आणि मध्ये मधासारखी पिवळी. चार स्क्रूंच्या पत्र्यावर नंबर एफ७७ ने सुरू होणारा. त्या काळच्या इबानेझवर पहिलं अक्षर महिन्याचं असतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. म्हणजे जून १९७७. त्याच वर्षी अमेरिकेत गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकन गिटारींच्या अशा जपानी नकलांवरून दावा लावला होता. नक्कल म्हणून हिणवल्या गेलेल्या या जपानी गिटारी कारागिरीत कुठेही कमी नाहीत. माझं तर ठाम मत आहे की आपल्यासारख्यांनी नावापायी लाखो रुपये न घालवता सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं जपानी वाद्य शोधावं.

वरच्या बाजूला, जिथे काकांचा अंगठा टेकायचा, तिथलं पॉलिश पूर्ण गेलं होतं आणि लाकडाला वाटाण्याएवढी खोलगट जागा पडली होती. मी त्यात माझा अंगठा ठेवला. तो तिथे अलगद बसला.

"काय बघतोयस नुसतं? वाजवून बघ की," काका म्हणाले.

वाजवायच्या आधी तपासणी. पहिला पडदा एका हाताने दाबायचा, दांडी जिथे अंगाला मिळते तिथला पडदा दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की दांडी ठीक. दांडीच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई फिरते का, हे मालकाला विचारूनच बघा, आणि आधी सैल करायच्या दिशेने पाव फेरा, आवळायच्या नाही. गंजलेली सळई तुटली तर त्या गिटारचं आयुष्यच संपल्यासारखं. मग केबल लावून, आवाजाचं बटण पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टीमीटर. दोन तुकड्यांच्या पिकअपला दहा किलोओहमच्या आसपास यायला हवं, मला साडेनऊ आलं. त्याऐवजी शेकडो किलोओहम आलं तर आत पिकअपची तार तुटली आहे असं समजा, मीटर नुसता पॉट मोजतोय. शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा, सावकाश, अँप बंद ठेवून. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या दरम्यान एखादा स्वर लवकर विझतो, त्याला घाबरू नका. या बांधणीच्या बहुतेक गिटारींमध्ये तो असतोच. माझ्या बेसचा दोष वेगळा होता. दुसऱ्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला दाबलं की झरझर आवाज यायचा.

काकांनी चाळीस हजार सांगितले, छत्तीसला ठरलं. त्या झरझरीसाठी मी आणखी घासाघीस केली नाही, कारण मिरज जेमतेम दहा किलोमीटरवर आहे.

मिरजेची सतारमेकर गल्ली ज्याने पाहिली नाही, त्याने गिटार घ्यायची नसली तरी जाऊन यावं. एकोणिसाव्या शतकापासून इथे सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांत छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि कुठूनतरी सतत एकच तार छेडल्याचा आवाज. पहिल्या दुकानात "हे आमचं काम नाही" म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दुकानातल्या चाचांनी बेस मांडीवर घेतली, केबल नको म्हणाले आणि कान थेट लाकडाला लावला.

"जवारी आहे," ते म्हणाले, "पण एकाच पडद्याला. आम्हाला जवारी घोडीवर लागते, तुम्हाला कुठेच नको."

इतक्या वर्षांत मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. तंबोऱ्यात तार घोडीच्या किंचित गोल पाठीवर घासत जाते, तिथून ती झंकार येते, आणि खाली सूत सरकवून कारागीर ती जागा शोधतो. बेसमध्येही तीच गोष्ट घडत होती, फक्त चुकीच्या जागी. चाचांनी एक छोटी पोलादी पट्टी घेतली आणि तीन-तीन पडद्यांवर आडवी ठेवून डोलवत गेले. चौथ्या पडद्यावर ती डुगडुगली. पडदा एका टोकाला उचललेला होता. त्यांनी तो लाकडी ठोकळा ठेवून दाबून बसवला, बाकीच्या लाकडावर कागदी पट्टी चिकटवली, मार्करने पडद्याचा माथा काळा केला आणि कानशीचे मोजून सहा हात मारले. काळं जिथे गेलं तिथे उंचवटा होता. पुन्हा मार्कर, पुन्हा दोन हात. मग बारीक पॉलिश पेपर. दीड तास, आठशे रुपये.

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळा, घाई आहे असं सांगू नका, आणि वायरिंगचं काम त्यांच्याकडे नेऊ नका. त्यासाठी माइक-अँप्लिफायर दुरुस्त करणारा गाठा. काम चालू असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. १९३७ मध्ये वारलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ तिथेच विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते.

संध्याकाळी काकांच्या जुन्या सोबत्यांकडे सांगलीत बसलो. ढोलकी, हार्मोनियम आणि बेस. अँप जुना होता, म्हणून आधी टेस्टर लावून घेतला. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, अर्थिंग नसेल आणि ओठ माइकला लागला तर जोराचा झटका बसतो. जत्रेत जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे विसरूच नये. ढोलकीबरोबर बेस वाजवणं मला नेहमीच अवघड गेलं आहे, कारण डाव्या तोंडाचा घुमारा आणि बेसचे खालचे स्वर एकाच जागेसाठी भांडतात. काकांनी ट्रंकेतला पितळी डबा सोबत आणला होता. त्यात या गिटारचं मूळ क्रोमचं झाकण होतं, आतून कडक झालेला स्पंज चिकटवलेला. तो घोडीपाशी तारांना टेकला की स्वर ठोक असा येतो आणि लगेच थांबतो. "घुमू दे त्याला, तू मधल्या जागेत बोल," काका ढोलकीवाल्याकडे बोट करून म्हणाले. झाकण लावलं, गुळगुळीत तारा तशाच ठेवल्या, आणि सगळं जागच्या जागी बसलं. स्वर कमी लावले तशी लय जास्त भरली. दोन तास कसे गेले कळलं नाही.

माझी जुनी बेस दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या एका मुलाने घेतली. तिचा पिकअप मी बदललेला होता, ते आधीच सांगितलं आणि मूळ पिकअप पुरचुंडीत बांधून दिला. विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, मूळ सुटे भाग फेकू नका आणि चकचकीत दिसावी म्हणून नवं पॉलिश मारू नका. पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारची किंमत निम्म्यावर येते. परदेशी गिऱ्हाईक असेल तर दांडीवरच्या लाकडाची जात आधी विचारून घ्या. आपलं शिसवी असेल तर सायटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार करारात २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे, पण ब्राझीलचं रोझवूड १९९२ पासून त्याच कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि कागदपत्रांशिवाय ते सीमेवर अडकतं.

जायचं तर पावसाळा सोडून जा, आणि चैत्रात जत्रा सुरू व्हायच्या आत. नंतर वाजवणारी माणसं घरी सापडत नाहीत. मी फेब्रुवारीत गेलो होतो. पावती मात्र घ्याच, नंबर टाकून, दोघांच्या सह्यांची. काकांनी ती वहीच्या कागदावर स्वतः लिहिली. नंबर, रक्कम, तारीख, आणि खाली एक ओळ वाढवली: विकायची वेळ आली तर आधी मला विचारावे. मी त्याखाली सही केली. तो कागद आता पिशवीच्या कप्प्यात, पितळी डब्याखाली आहे.