झोपेतले पाय

आपल्याच माणसाला लाथ मारून नामानिराळं राहण्याची सोय फक्त झोपेत आहे. मारणाऱ्याला पत्ता नसतो. ज्याला बसते तो सकाळी चहाच्या वेळी तक्रार करायला गेला, तर "काहीतरीच! मी कूससुद्धा बदलली नाही" असं ऐकून घेतो. लग्नघरात हॉलभर गाद्या पडल्या की आमच्या आजीचा पहिला प्रश्न असायचा, "धाकट्याच्या शेजारी कोण?" धाकटा म्हणजे मामा. त्याची रवानगी भिंतीकडे आणि मधे एक लोड. त्याच्या लाथांची कीर्ती भाच्यांपर्यंत पोचली आहे. त्याला स्वतःला मात्र ती सगळी ऐकीव माहिती.

या लाथा मोजणारी माणसंही जगात आहेत. झोपेच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा चिकटवतात, तशा दोन्ही नडग्यांवरही. पाऊल वर उचलणारा स्नायू तिथे असतो आणि त्याची हालचाल रात्रभर पडद्यावर उमटत राहते. मामाच्या जातीच्या लोकांचा आलेख बघावा तर त्यात धसमुसळेपणा औषधालाही नाही. आधी पायाचा अंगठा ताठ वर येतो, मग घोटा वाकतो, कधी गुडघा आणि मांडीही ओढली जाते. अर्धा सेकंद ते १० सेकंद हे चालतं, थांबतं, आणि पुन्हा तेच, बहुतेकदा २० ते ४० सेकंदांनी. असे किमान चार झटके ओळीने आले तरच ते हिशोबात धरायचे, असा नियम आहे. इतका नेमस्तपणा मामाने जागेपणी कधी दाखवला नाही.

झोपेत कुणी हललं की आपलं उत्तर तयार असतं: स्वप्न पडलं असेल. अंगणात झोपलेलं कुत्रं पाय झाडायला लागलं की त्याला मांजर दिसलं. बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते. मामाच्या बाबतीतही त्याचे ऑफिसातले साहेब स्वप्नात येतात, असं मामीचं ठाम मत. पण साहेबांवर आळ घेणं कठीण आहे. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी मिटल्या पापण्यांमागे बुबुळं भराभर हलतात ती झोप नोंदवली. ठसठशीत स्वप्नं याच झोपेत जास्त पडतात. पुढे फ्रान्समध्ये ल्यों इथे मिशेल जुवे यांनी मांजरांवर काम करून दाखवलं, की त्या वेळी अंगातले स्नायू साफ ढिले पडलेले असतात. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे सुटतात. म्हणजे साहेब येतात तेव्हा पाय बांधलेले! मामाच्या त्या ओळीने येणाऱ्या लाथा बहुतेक दुसऱ्या, स्वप्नं कमी असणाऱ्या झोपेतल्या.

ही बांधणी कधी सुटतेही. १९८६ साली मिनेसोटात शेंक आणि महोवाल्ड यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, बहुतेक उतारवयातले पुरुष, जे स्वप्नातली मारामारी खरोखरच पलंगावर करत होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे पार्किन्सन्स झाला. तेव्हा असं कुणी घरात असेल तर त्यावर हसून न सोडता डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

मला सगळ्यात मोह पडतो तो उंदराच्या पिल्लांचा. जन्माला येतात तेव्हा अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, आणि दिवसाचा बहुतेक वेळ झोप. त्या झोपेत एक पाय फुरफुरतो, मग शेपटी, मग दुसऱ्या बाजूचा पंजा. आयोवा विद्यापीठात मार्क ब्लुम्बर्ग वर्षानुवर्षं हे बघत आले. वरच्या मेंदूचा खालच्या भागाशी असलेला संबंध तोडला तरी ही फुरफुर चालूच राहते. ती मेंदूच्या खोडातून निघते. स्वप्नाची उरलीसुरली धडपड म्हणावी, तर ते जमत नाही. उलट पिल्लू जागं असताना पाय हलवतं, तेव्हा "हे मीच केलं" म्हणून मेंदू तिकडे फारसं लक्ष देत नाही. झोपेतला झटका मात्र तो नीट टिपून घेतो. नव्या घरात एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते बघावं, तसा हा उद्योग. तान्ह्या बाळांची बोटं, पावलं झोपेत अशीच फुरफुरतात. सटवाईकडे हे खातं पण असेल.

आता उलटी तऱ्हा. शेजारच्या काकूंचे पाय झोपेत नव्हे, झोप यायच्या आधीच छळतात. पाठ टेकली की पोटऱ्यांत काहीतरी कसनुसं होतं, पाय आवरत नाहीत, उठून घरभर फिरलं की बरं. त्या जुन्या साडीच्या फडक्याने पोटऱ्या करकचून बांधून झोपतात. त्यांच्या आईही तसंच करायच्या. "पाय वळवळतात" एवढंच त्या सांगत, आणि घरचे "दमतेस फार" म्हणून तो विषय मिटवत. स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९४५ साली या वळवळीवर अख्खा प्रबंध लिहिला. अशांपैकी बहुतेकांचे पाय पुढे झोपेतही मामासारखे झटके देतात. अनेकदा मूळ सापडतं ते अंगातल्या कमी लोहात, आणि लोह कमी असणं आपल्याकडच्या बायकांना काही नवं नाही.

शेवटी मुलीने नेऊन काकूंचं रक्त तपासलं. लोह कमीच होतं. गोळ्या मिळाल्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही, लिंबूपाणी घेतलं तर उत्तम, हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. पाय थांबतील तेव्हा थांबोत. पहाटे साडेपाचचा चहा आधी की गोळी आधी, यावरून सध्या त्यांच्या घरात वाद चालू आहे.