साचा आपला, पीठ तिचं
दुपारी लाइन गेली, लॅपटॉप 22 टक्क्यांवर, अन् मी दोन तासांपासून अडकलेलो. रिॲक्टमध्ये (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) खरेदीच्या कार्टसाठी कस्टम हुक लिहिला, म्हणजे कुठूनही बोलावता येणारं आपलं फंक्शन, आत यूजस्टेट, म्हणजे माहिती लक्षात ठेवणारा रिॲक्टचा तयार हुक, पण यादीतून वस्तू कार्टात टाकली तरी पानावरचा कार्टचा आकडा शून्यच.

तेवढ्यात शेजारच्या काकू शेवेचा साचा घेऊन गेल्या. आईला गमतीनं म्हटलं, आता शेव पण येईल ना आपल्याकडं?

"काहून येईन बे? साचा आपला हाय, पीठ तिचं हाय."

चहा हातातच राह्यला. हुक म्हणजे साचाच की, ज्या कंपोनंटनं (पानाच्या तुकड्यानं) बोलावला त्याची स्टेट, म्हणजे लक्षात ठेवलेली माहिती, वेगळी: यादीची वेगळी, आकड्याची वेगळी, सामायिक फक्त लॉजिक. एकच कार्ट पाहिजे तर स्टेट दोघांना सामावणाऱ्या वरच्या कंपोनंटमध्ये नाहीतर कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे आतल्या सगळ्या कंपोनंटना वाचता येईल अशा सामायिक जागी, ठेवा लागते. 2019 पासून हुक आहेत, डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, मी वाचलंही होतं, म्हणजे स्क्रोल केलं होतं.

संध्याकाळी काकूंकडून वाटीभर शेव आली. आता हे कोणत्या हुकात बसवू?