नोंदवही सोपवली तो दिवस

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरच्या वस्तीतील एका समाजमंदिरात संध्याकाळी सात ते साडेनऊ या वेळेत शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी दहावीचा वर्ग चालतो. पदवी हाती आल्यानंतर आणि नोकरीला लागण्यापूर्वी मी एक पूर्ण वर्ष या वर्गाला स्वयंसेवक म्हणून दिले. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवसाबद्दल मला लिहायचे आहे. स्वयंसेवक का आला, त्याने काय काय केले, यावर पुष्कळ बोलले जाते. तो निघतो कसा, यावर फारसे कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते अशा वर्गांतल्या मुलांचे नुकसान बहुतेक वेळा त्या निघण्यातच होते.

आमच्या वर्गातली काही मुले यापूर्वी एकदा दुसऱ्या एका वर्गाला जाऊन आलेली होती. तिथे शिकवणारा दादा त्याचे वर्ष संपताच गेला, त्याच्या जागी कोण येणार हे मुलांना कोणी सांगितले नाही, परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत त्या गडबडीत निघून गेली आणि मुले पुन्हा आपापल्या कामाला लागली. त्यांतल्या एका मुलीने मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, "ताई, तुम्ही कधीपर्यंत आहात?" मी "मे महिन्यापर्यंत" असे सांगितल्यावर तिने मान हलवली आणि वही उघडली. तिला खोटा दिलासा नको होता, तारीख हवी होती.

हा वर्ग ज्या मुलांसाठी आहे त्यांची अडचण समजून घेतल्याशिवाय त्या दिवसाचे महत्त्व कळणार नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी शाळा सुटलेले मूल सोळाव्या वर्षी परत यायला निघाले, तर त्याच्यासाठी उरणारी एक मोठी वाट म्हणजे राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. किमान पाचवी उत्तीर्ण असलेल्या आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही हा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीची परीक्षा देता येते. मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीलाच, म्हणजे या वस्तीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तरीही वर्गात येईपर्यंत यांतल्या बहुतेकांनी या फॉर्मचे नाव ऐकलेले नव्हते.

फॉर्म माहीत झाल्यावर प्रश्न येतो कागदांचा. शाळा सोडल्याचा दाखला ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट. या वस्तीतली अनेक कुटुंबे जालना, परभणी, बुलढाणा या भागांतून आलेली आहेत; काहींचे आजे १९७२ च्या दुष्काळात दगडखाणींवर खडी फोडायला आले आणि इथलेच झाले, तर काही अगदी अलीकडे आली. गाव सोडताना मुलाचा दाखला काढून घ्यायचा असतो, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात राहणार? मग सहा-सात वर्षांनी कुणाचा तरी मामा मंठा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन दाखला मागतो, आणि तो हाती येतो तेव्हा त्यावरचे आडनाव आधार कार्डावरच्या आडनावाशी जुळत नाही. नेरूळला घरकामाला जाणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत तर जन्मतारखेतही दोन वर्षांचा फरक होता. त्या वर्षात मी बीजगणित आणि विज्ञान शिकवले हे खरे, परंतु त्याहून अधिक वेळ नावे, तारखा आणि शपथपत्रे यांच्यात गेला, आणि तो वेळ वाया गेला असे मला कधीही वाटले नाही. फॉर्म भरला, नाव नोंदले गेले, एवढ्यावर काम संपतही नाही. नेमून दिलेल्या संपर्क शाळेत जाऊन परीक्षेचे आवेदनपत्र स्वतंत्रपणे भरावे लागते आणि तिथेच तोंडी परीक्षाही द्यावी लागते. पहिला टप्पा पार केला म्हणून निर्धास्त राहिलेली मुले या दुसऱ्या टप्प्यावर गळतात.

म्हणून आमच्याकडे एक जाड नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक मुलाला दोन पाने दिलेली आहेत. दाखला कुठे आहे, मूळ की दुय्यम. आधारवर नाव कसे आहे. आवेदनपत्र भरल्याची पावती कोणाकडे आहे. कामाची वेळ कोणती. फोन लागला नाही तर वस्तीत कोणाला विचारायचे. शेवटच्या रकान्याला आम्ही 'लक्षात ठेवावे' असे म्हणतो. त्यात कुणाच्या वडिलांशी अभ्यासाबद्दल बोलू नये, कुणाला चष्म्याची गरज आहे, कुणाला वर्गात सर्वांसमोर वाचायला लावू नये, अशा नोंदी असतात. आमच्या संस्थेत स्वयंसेवकाचे वर्ष दहावीच्या निकालाच्या दिवशी संपते, नवा स्वयंसेवक एप्रिलच्या अखेरीसच रुजू होतो, आणि निकालाच्या संध्याकाळी नोंदवही व समाजमंदिराची किल्ली त्याच्या हाती द्यायची असते.

निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने साडेअकरालाच तुर्भ्याला पोहोचले. माझ्या जागी आलेले दादा, जे एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत आणि ज्यांना मुले वयामुळे आधी 'सर' म्हणत होती, तेही आलेले होते. निकाल पाहताना बैठक क्रमांकाबरोबर आईचे नाव भरावे लागते. आजीकडे वाढलेल्या, आई लहानपणीच गेलेल्या एका मुलीने ते नाव स्वतः टंकायचे असा हट्ट धरला. एक एक अक्षर दाबून तिने ते पूर्ण केले आणि मगच फोन माझ्या हातात दिला. ती ५१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली होती. जन्मतारखेची अडचण असलेली मुलगी ६२ टक्क्यांवर पोहोचली होती. तिला परिचारिका व्हायचे आहे. त्यासाठी बारावी लागते हे तिला ठाऊक होते, त्यामुळे पेढा तोंडात असतानाच तिने अकरावीचे विचारायला सुरुवात केली, आणि मी तिला दादांकडे वळवले.

फळबाजारात काम करणारा मुलगा मात्र आला नाही. त्याचा बैठक क्रमांक नोंदवहीत होता. आम्ही निकाल काढला: पाच विषयांत उत्तीर्ण, इंग्रजीत २४. फोन बंद. त्याच्या घरी गेलो तर आई दारातच उभी होती. "पोरगं रात्रीपासून बाजारातच हाय ताई. नापास झालं काय?" असे तिने विचारले. एका विषयात राहिला आहे आणि तो विषय लगेच पुन्हा देता येतो, असे मी तिला सांगितले. पण हे तिला समजण्यापेक्षा त्याला समजणे अधिक आवश्यक होते, म्हणून आम्ही तसेच बाजार समितीकडे निघालो.

मे महिन्यातला फळबाजार ज्याने पाहिला आहे त्याला तिथे एक माणूस शोधणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. गाड्या रात्रीपासून उतरत असतात, पहाटे व्यवहार होतात आणि दुपारपर्यंत पेट्यांची चढउतार चालूच राहते. गाळ्यागाळ्यांसमोर पेंढ्याचा खच पडलेला असतो आणि पिकलेल्या हापूसचा वास अंगावर येतो. नोंदवहीत गाळ्याचा क्रमांक लिहिलेला होता, म्हणून तो सापडला. उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून तो पेटीतून फळे काढत होता, देठाशी बोट दाबून पाहत होता आणि डागी फळ वेगळे ठेवत होता. आम्हाला पाहून तो उठला नाही.

मी त्याच्या शेजारी बसले. निकाल त्याला माहीत होता. गाळ्यावरच्या मेहताजींच्या फोनवर त्याने तो एक वाजताच पाहिला होता. मी पुरवणी परीक्षेबद्दल बोलू लागले. उत्तीर्ण झालेल्या पाच विषयांत सूट मिळते, फक्त इंग्रजीचा पेपर द्यावा लागतो, परीक्षा जून-जुलैमध्येच होते, वर्ष बुडत नाही, हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण ताई, तुमचं तर आजच संपलं ना? मग फॉर्म कोण भरणार?"

त्या क्षणी "मी येईन" असे म्हणणे अतिशय सोपे होते. ते म्हणावे असे मला मनापासून वाटलेही. ठाणे काही दूर नाही, रविवार मोकळा असतो, आणि या मुलाच्या रात्रपाळीप्रमाणे मी सबंध हिवाळा इंग्रजीची शिकवणी सकाळी अकराला घेतलेली होती. परंतु पुढच्या महिन्यात मी नोकरीवर रुजू होणार होते, आणि ज्या आठवड्यात अर्जाची मुदत असेल नेमक्या त्याच आठवड्यात मला रजा मिळेल याची काहीही खात्री नव्हती. पूर्वी याच वयाच्या मुलांना "येतो" असे सांगून गेलेल्यांनी त्यांचे एक एक वर्ष घालवलेले होते. मी त्याला म्हटले, "फॉर्म दादा भरून घेतील. आत्ता आपण तिघांनी शाळेत जायचं, लिपिकांना भेटायचं. तिथे मी गप्प बसेन, बोलणं तू आणि दादा करा."

दादा तोपर्यंत उभेच होते. त्यांनी खाली बसून एक फळ उचलले आणि हे डागी कशावरून ओळखायचे, असे त्याला विचारले. तो सांगू लागला. आत साका, म्हणजे खराब झालेला गर, असेल तर वरून कळत नाही, पण देठाभोवतीचा काळा डाग दोन दिवसांत पसरतो; अशा फळांची पेटी वेगळी लावायची आणि तिचा भाव त्याच दिवशी करायचा. दादांनी मध्येच दोन प्रश्न विचारले, आणि त्यांच्या कारखान्यात मालाचा नमुना कसा तपासत असत ते सांगितले. मी शांतपणे ऐकत होते. या मुलाला वर्गात कोणी काही समजावून सांगू लागले की तो मान खाली घालतो, पण त्याला विचारले की बोलतो, हे मी नोंदवहीत लिहिले होते. दादांनी ती नोंद वाचलेली होती, हे मला तिथे दिसले. शेठकडून तासाभराची सुटी मागून घेऊन तो हातपाय धुऊन आला.

शाळेचे लिपिक साडेतीनला निघण्याच्या तयारीत होते. खासगी विद्यार्थ्याचा पुरवणीचा अर्जही, ज्या शाळेमार्फत परीक्षा दिली तिच्याच मार्फत जातो, हे त्यांनी स्पष्ट केले. तारखा जाहीर होताच कळवतो म्हणाले, आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत किंवा गुणपडताळणी हवी असेल तर त्याची मुदत वेगळी असते हेही सांगितले. आपल्याला पेपर कुठे चुकला ते पाहायचे आहे, म्हणून छायाप्रत हवी, असे तो मुलगा स्वतःहून म्हणाला. लिपिकांनी दूरध्वनी क्रमांक मागितला तेव्हा त्याने सवयीने माझ्याकडे पाहिले. दादांनी आपला क्रमांक सांगितला, त्याखाली मुलाने स्वतःचा लिहिला, आणि माझा तिथे कुठेही नव्हता. हे मला जड गेले, हे मी लपवणार नाही. तरीही मला जे व्हायला हवे होते ते हेच होते.

संध्याकाळी समाजमंदिरात छोटासा निरोप समारंभ झाला. मुलींनी रांगोळी काढली होती, कुणाच्या आईने पोहे करून पाठवले होते, भाषणे झाली. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यानंतर दादा आणि मी नोंदवही घेऊन बसलो आणि प्रत्येक मुलाची दोन्ही पाने मोठ्याने वाचली. ज्यांच्या पानांत अजून काही करायचे होते, त्या मुलांना आम्ही थांबवून घेतले होते, आणि ते काम आता कोण करणार, कधीपर्यंत करणार, हे त्यांच्यासमोरच ठरवले. ही पद्धत आमच्या समन्वयक बाईंची आहे. दर वर्षी यात दोन तास जातात, आणि स्वयंसेवक घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते दोन तास द्यावेत असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते, कारण मुलाच्या समोर घेतलेली जबाबदारी झटकणे माणसाला कठीण जाते. पहिल्या आठवड्यात मला तारीख विचारणाऱ्या मुलीने दादांनाही तोच प्रश्न विचारला. "पुढच्या निकालापर्यंत," असे दादा म्हणाले. शेवटी आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या आणि मी किल्ली दिली.

जूनमध्ये मी नोकरीला लागले. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला गेल्याचे मला समन्वयक बाईंकडून समजले. पेपर कसा गेला याची विचारपूस करण्याचा मोह मी टाळला. निकाल लागला त्या दिवशी त्याने आधी दादांना फोन केला, मग आईला सांगितले, आणि मला त्याचा संदेश दोन दिवसांनी आला. इंग्रजीत ४१ गुण होते. खाली त्याने लिहिले होते, 'रात्रीच्या कॉलेजात कॉमर्स घ्यावं म्हणतोय, घेऊ का?' मी त्याचे मनापासून अभिनंदन केले, आणि प्रवेशाचे दादांशी बोलून ठरव, असे कळवले.