मागचा पाय न देणारा घोडा: माझा अनुभव

तोंडावर मोहरकी चढवणं, दोरीवर शांत चालणं, खरारा करून घेणं, पुढचे पाय उचलणं. बिथरलेल्या घोड्याकडून हे सगळं धीराने करून घेता येतं, आणि एकदा झालं की ते टप्पे आठवतही नाहीत. अडतं ते मागच्या पायांशी. आठवडेच्या आठवडे अडतं, आणि खूर काही तुमच्यासाठी वाढायचे थांबत नाहीत. नाल मारलेल्या घोड्याचं खूर कापून नाल बदलायचं काम साधारण ६ ते ८ आठवड्यांनी निघतंच. ती वेळ जवळ आली की तबेल्यातला प्रत्येक जण एकच उपाय सांगतो: दोन ठेवून द्या, सरळ येतो. त्या सल्ल्याची चीड माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले.

मारून का जमत नाही ते आधी. घोडा संकटातून पळून वाचणारा प्राणी आहे. त्याचा पाय धरणं म्हणजे पळायची वाट बंद करणं. त्याच क्षणी वर फटका बसला तर पायाला हात लागणं आणि वेदना या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र बसतात, आणि पुढच्या वेळी हात गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत लाथ येते. त्याहून वाईट म्हणजे कान मागे पाडणं, शेपूट आवळणं, पाय नुसता उचलून धरणं या सूचनांवरच मार बसला तर घोडा सूचना द्यायचं सोडून देतो. सूचना न देता दुगाणी झाडणारे घोडे बऱ्याचदा असेच तयार झालेले असतात.

यातलं काहीही सुरू करण्याआधी पशुवैद्याकडून घोडा तपासून घ्या, आणि नुसतं वरवर पाहून नाही. हॉकमध्ये (मागच्या पायाचा मधला, टाचेसारखा मागे निघालेला सांधा) किंवा त्याच्या वरच्या स्टायफलच्या, म्हणजे मांडीखालच्या गुडघ्याच्या सांध्यात संधिवात असेल, पाठीच्या मागच्या भागात दुखत असेल, तर पाय वर घेऊन धरणं त्याला खरोखर दुखतं. कधी एका पायावर उभं राहिल्याने दुसऱ्या पायावर येणारा भार सोसत नाही. म्हणजे उजवा पाय देत नाही आणि दुखणं डाव्यात, असंही निघतं. शिव्हर्स नावाचा एक विकार आहे. त्यात मागे सरकवताना किंवा पाय उचलताना मागचा पाय झटक्याने वर जातो, कापतो आणि शेपूट वर उचलली जाते. अशा घोड्याला हट्टी म्हणून बडवलेलं मी पाहिलं आहे. शिकवणं हा दुखण्यावरचा इलाज नव्हे.

आता त्या अडलेल्या जागेकडे.

सगळी भिस्त दाब आणि मोकळीक या जोडीवर आहे, आणि शिकवते ती मोकळीक. हात कधी लावला यापेक्षा कधी काढला, हे घोडा लक्षात ठेवतो. त्याने पाय झटकला आणि तुम्ही दचकून हात काढलात, तर तुम्ही त्याला शिकवलंत की झटकलं की सुटका होते. नवखा माणूस दिवसातून अनेकदा नकळत हेच शिकवत असतो. म्हणून पहिला नियम असा की हात अशा जागेपर्यंतच न्यायचा जिथे घोडा अजून हलत नाही, आणि तो स्थिर असतानाच काढायचा.

सुरुवात आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यापासून करा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात. तिथून पाठ, मग पुठ्ठा, मग मांडीची बाहेरची बाजू. स्नायू आवळला, श्वास थांबला, डोक्यामागची मान ताठ झाली, नाकपुडीच्या वर सुरकुत्या पडल्या, की ती आजची हद्द. तिथून वीतभर वर या, थांबा, त्याने श्वास सोडला की हात पूर्ण काढा आणि दोन पावलं बाजूला व्हा. मग पुन्हा. हे पाहणाऱ्याला काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि करणाऱ्यालाही वाटतं. माझा सगळा धीर इथेच संपायचा.

हद्द गुडघ्याच्या खाली सरकायला लागली की हात वापरू नका. मीटर-सव्वा मीटरची हलकी काठी घ्या आणि टोकाला चिंध्या भरलेला जुना हातमोजा घट्ट बांधा. लाथ बसली तर मोज्याला बसते. शिवाय तुम्ही दचकत नाही, आणि तुम्ही न दचकणं हेच अर्धं काम आहे. मोज्याने हॉकवरून खाली नळीपर्यंत, म्हणजे हॉकखालच्या लांब हाडापर्यंत, सावकाश घासा. गुदगुल्या होतील असं हलकं नको, दाबही नको, खरारा करतो तसा सरळ स्पर्श. त्याने लाथ झाडलीच तर मोजा जमेल तितका पायाला लावूनच ठेवा, जोर न वाढवता. पाय जमिनीवर येऊन क्षणभर स्थिर झाला की काढा. लाथा लागोपाठ येत असतील तर तुम्ही फार खाली गेला आहात. वर या. दमून गप्प उभा राहीपर्यंत घासत राहायचं, ही पद्धत नाही. असा दमून गप्प झालेला घोडा शांत झालेला नसतो. डोळा थिजलेला, कान न हलणारे, बोलावलं तरी प्रतिसाद नाही, ही त्याची खूण, आणि असा घोडा एका दिवशी अचानक फुटतो.

ओठ चघळले, जीभ फिरवली की ‘मानलं त्याने’ असं लगेच म्हणतात. बहुतेकदा तो ताण उतरतानाचा क्षण असतो, म्हणजे आधी ताण होता हेही त्यातून कळतं. सारखंच चघळत असेल तर तुम्ही घाई करता आहात.

एक राहिलंच: हे सगळं घोडा पक्का बांधून करू नका. बांधलेला घोडा घाबरून मागे खेचतो आणि मग गळ्यापासून पायापर्यंत सगळंच बिघडतं. दोरी दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. तो माणूस तुमच्याच बाजूला उभा हवा, पलीकडे नाही. गडबड झाली आणि त्याने घोड्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, की घोड्याचा मागचा भाग तुमच्यापासून दूर जातो. पलीकडे उभा राहून तेच केलं तर पुठ्ठा तुमच्या अंगावर येतो. डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. आणि तुम्ही पुठ्ठ्याला अगदी चिकटून, तोंड शेपटीकडे करून उभे राहा, एक हात घोड्याच्या कमरेच्या हाडावर. हातभर अंतरावर लाथेचा जोर सगळ्यात जास्त लागतो. ऐन शेपटीमागे आणि कपाळासमोर घोड्याला दिसत नाही, म्हणून मागून जाताना बोलत जा.

मोजा खुरापर्यंत निवांत पोचायला लागला की मऊ सुती दोरी घ्या, साधारण ३ ते ४ मीटर, आणि ती फेटलॉकच्या (खुराच्या वरचा सांधा) खाली नुसती वळसा घालून धरा. गाठ मारायची नाही, हाताला गुंडाळायची तर अजिबात नाही. हलका ताण द्या आणि थांबा. घोड्याने वजन दुसऱ्या पायावर टाकलं, टाच जरा सैल केली, की लगेच ताण सोडा. पाय उचलला नाही तरी सोडा. वजन सरकवणं हेच पहिलं उत्तर आहे, आणि लोक ते चुकवतात कारण त्यांना पाय वर हवा असतो. पुढे पाय एक क्षण वर, मग ३ सेकंद, ५, १०. दर वेळी तुम्हीच खाली ठेवायचा, टाकून द्यायचा नाही.

पाय हातात आल्यावर तो जमिनीपासून वीतभरच वर ठेवा, आणि घोड्याच्या पोटाखालच्या रेषेत. बाहेर ओढलेला पाय कमरेला पीळ देतो. मागच्या पायात स्टायफल आणि हॉक एकत्रच वाकतात, म्हणून उचलताना सुरुवातीला एक उसळी येतेच. ती लाथ नव्हे. ती ओळखून हात सैल ठेवला तर पुढच्या क्षणी पाय जड होऊन हातात विसावतो. नवीन माणूस त्या उसळीलाच घट्ट धरतो आणि मग खेचाखेची सुरू होते.

एका वेळी १० ते १५ मिनिटं, जमल्यास दिवसातून दोनदा. माश्या असतील तेव्हा नको, कारण माशीसाठी झटकलेला पाय आणि तुमच्यासाठी झटकलेला पाय यातला फरक तुम्हाला कळणार नाही. जमीन सपाट, कोरडी. खाऊ द्यायचा असेल तर त्याचं तोंड सरळ असताना, तुमच्या अंगापासून हात लांब करून. खिशाशी तोंड घालणाऱ्या घोड्याला दिला की चावण्याची नवी डोकेदुखी. बहुतेक हाताळणी डावीकडून होते, त्यामुळे उजव्या बाजूला जवळपास शून्यातून सुरू करायची तयारी ठेवा. आणि सगळं छान चाललेलं असताना एक दिवस पहिले पाढे पंचावन्न होतातच. अशा दिवशी दोन टप्पे मागे जा. बहुधा एक-दोन वेळातच तो पूर्वीच्या जागी येतो.

खूर फारच वाढले आणि तयारी अर्धवट असेल तर ओठाला फास आवळण्यापेक्षा पशुवैद्याकडून गुंगीचं औषध द्यावं. गुंगीतला घोडाही लाथ मारू शकतो, हे विसरू नका. त्या दिवसाला शिकवण्यातही धरू नका.

नालबंदाचं काम ही वेगळीच पायरी आहे. तुम्हाला पाय देणारा घोडा त्यालाही देईल असं नाही: वेगळा वास, चामड्याचा एप्रन, कानशीचा आवाज. आधी तुम्हीच खुरावर हूफ-पिकच्या (खूर साफ करायचा आकडा) मागच्या बाजूने टकटक करा, मग छोट्या हातोडीने, मग कानस दोनदा ओढा. जमल्यास नालबंदाला एकदा अवजारांशिवाय येऊन नुसतं खाजवून जायला सांगा. पैसे द्यावे लागले तरी द्या. कामाच्या दिवशी पुढचे पाय आधी, मागचे नंतर, प्रत्येक पायानंतर घोड्याला एक फेरी चालवून आणायची, आणि म्हाताऱ्या घोड्याचा पाय त्याने किती वर धरायचा हे सुरुवातीलाच ठरवून घ्यायचं. घाई आहे म्हणणाऱ्या नालबंदाला सरळ दुसरी वेळ द्या.