तुम्ही विचारलंत म्हणून : कोचला काढावे का?

"सर, ह्या कोचला काढायला पाहिजे का नको, ते एकदा सांगून टाका की." हा प्रश्न मला पार्क चौकातल्या चहाच्या टपरीवर विचारला गेला आहे, लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, आणि एका जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, नातवाला पाळण्यात बसवून मी खाली उभा असतानाही विचारला गेला आहे. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी असतात. मी सोलापुरातल्या एका शाळेत २६ वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यातली १९ वर्षे शाळेचा फुटबॉल संघ सांभाळला. एवढ्याशा भांडवलावर ते मला भारतीय संघाच्या प्रशिक्षकाविषयी निवाडा देण्यास पात्र समजतात. प्रश्नातला कोच मात्र बदलत राहतो. आधी इगोर स्टिमाच होते, मग मानोलो मार्केझ आले, आता खालिद जमील आहेत. प्रश्न शब्दशः तोच राहिला आहे.

खरे तर हे शहर फुटबॉलचे नव्हे. फुटबॉल म्हटले की माणसे कोल्हापूरकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. तिथे पेठापेठांतल्या तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरते. आमच्याकडे पॉली उम्रीगर जन्मले, हे सांगून आम्ही विषय क्रिकेटकडे वळवतो. तरीही टपरीवर पाच-सहा जण असे आहेत, जे भारताचा सामना मोबाइलवर का होईना पण पाहतात, आणि हरल्यावर रात्री झोपत नाहीत.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरवले. बांगलादेशाकडून हरण्याची वेळ तब्बल २२ वर्षांनी आली होती. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर वाद आधीच तापलेला होता. "काय खेळूलालेत बे हे लोकं!" असे म्हणत एकाने जमील यांना काढण्याचा ठराव मांडला होता. दुसरा, जो रेल्वेत आहे आणि आकडे पाठ ठेवतो, त्याचे म्हणणे असे होते की, जुलै २०२३ मध्ये आपण फिफाच्या क्रमवारीत ९९ वर होतो आणि आता १४२ वर आलो आहोत, म्हणजे ही घसरण तीन प्रशिक्षकांनी मिळून केलेली आहे, मग एकट्या जमील यांना फासावर का चढवायचे? तिसऱ्याने सगळे खापर भारतीय फुटबॉल महासंघावर फोडले आणि चहाचा ग्लास ठेवून तो निघून गेला. महासंघावर खापर फोडले की वाद संपतो, कारण त्यावर कोणाचेच दुमत नसते, आणि म्हणूनच मला ते उत्तर आळशीपणाचे वाटते.

मी क्रमवारी पाहत नाही. मी दुसरा सामना पाहतो. एकाच प्रतिस्पर्ध्याशी थोड्या अवधीत दोनदा गाठ पडली, तर पहिल्या सामन्यात प्रशिक्षकाला अंदाजाने उतरावे लागते, पण दुसऱ्या सामन्याच्या वेळी त्याच्या हाती माहिती असते. त्या माहितीचे त्याने काय केले, एवढेच मी तपासतो. ही फूटपट्टी मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही. ती मी स्वतः मार खाऊन मिळवली आहे.

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत एका वर्षी गटातला आमचा सामना शहरातल्याच दुसऱ्या शाळेशी ०-० बरोबरीत सुटला. त्यांच्याकडे डाव्या पायाने खेळणारा, ११ नंबरचा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. त्याने आमच्या उजव्या बॅकला, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूला, दोनदा बाहेरच्या बाजूने चकवले होते. दोन्ही वेळा गोलकीपरने वाचवले म्हणून बरोबरी झाली. संध्याकाळी मी वहीत तशी नोंदही केली : "११ नं. – डावा पाय – आपला बॅक आत ओढला जातो." तिसऱ्या दिवशी अंतिम सामना पुन्हा त्यांच्याशीच होता. आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे मैदानातली काळी माती बुटांना चिकटत होती, आणि आमचा तो बॅक तसाही वळायला जड होता. त्याच्या जागी खेळवता येईल असा चपळ मुलगा माझ्याकडे राखीव होता. मी तो खेळवला नाही, कारण बॅक संघाचा कप्तान होता, सर्वांत आधी मैदानावर येऊन चुन्याच्या रेषा आखणारा होता, आणि अंतिम सामन्यात त्याला बाहेर बसवणे माझ्या जिवावर आले. आम्ही ०-३ ने हरलो. तिन्ही गोल त्याच बाजूने झाले.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितले की मुलांचा दम कमी पडला, सराव पुरेसा झालेला दिसत नाही, तेव्हा संघ पुढील वर्षापासून दुसऱ्या शिक्षकांकडे द्यावा. मला कवायतीकडे वळवण्यात आले. दोन वर्षांनी संघ परत मिळाला, पण त्या दोन वर्षांत मला सर्वांत जास्त सलत राहिले ते हे की, मला काढणे योग्य होते आणि काढण्याचे कारण साफ चुकीचे होते. मुलांचा दम उत्तम होता. माझ्या वहीतली नोंदही बरोबर होती. चूक वहीपासून मैदानापर्यंतच्या अंतरात झाली होती.

याच फूटपट्टीने पाहिले तर सय्यद अब्दुल रहीम इतके मोठे का, हे मला नीट समजते. हैदराबादचे रहीम १९५० पासून १९६३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत भारताचे प्रशिक्षक होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे चिरडले. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. आजच्या टपरीवर असा निकाल आला असता, तर प्रशिक्षकाला परतीच्या प्रवासातच नारळ मिळाला असता. रहीम टिकले, आणि १९५६ मध्ये मेलबर्नला उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. या वेळी पहिला गोल नेव्हिल डिसूझा यांनी भारताकडून केला. शेवटी आपण १-४ असे हरलो खरे, पण १-१० आणि १-४ यांच्यामध्ये एका प्रशिक्षकाची चार वर्षांची मेहनत उभी आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तर चार वर्षांचीही सवड नव्हती. गटातल्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले, आणि अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ आला. मधल्या काळात थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी अंतिम सामन्यात त्यांना बाहेर बसवले नाही आणि बचावातही ठेवले नाही. त्यांना थेट आघाडीवर नेले. ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले, आणि त्यातला एक गोल जर्नेलसिंग यांचा होता. दुसरा सामना म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायचे असेल तर मी एवढेच सांगतो.

स्टिमाच यांचा हिशेब लोक समजतात तेवढा एकतर्फी नाही. जून २०२३ मध्ये भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल कप स्पर्धेत लेबनॉनशी गटात ०-० झाले होते. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात भारताने त्याच लेबनॉनला २-० असे हरवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत कतारने नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला येऊन आपल्याला ३-० असे हरवले होते, पण जून २०२४ मध्ये दोह्यात आपण आघाडीच्या छांगटेच्या गोलने बराच वेळ आघाडीवर होतो. चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना पंचांनी कतारचा गोल मान्य केला आणि सामना १-२ ने गेला. तो गोल आठवला की आजही टपरीवर अपशब्द निघतात, आणि मी ते थांबवत नाही. पण याच फेरीत अफगाणिस्तानशी २१ मार्च २०२४ रोजी ०-० झाले आणि पाचच दिवसांनी गुवाहाटीत, घरच्या मैदानावर, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, छेत्रीनेच केलेल्या गोलची आघाडी गमावून आपण १-२ असे हरलो. कुवेतला त्यांच्या घरी १-० ने हरवलेले असताना कोलकात्यात मात्र ०-० वर समाधान मानावे लागले, आणि तो तर छेत्रीचा निरोपाचा सामना होता. स्टिमाच यांना १७ जून २०२४ रोजी काढले गेले. त्या वेळी चर्चा कतारच्या गोलची आणि स्टिमाच यांच्या जिभेची झाली. मला विचाराल तर ते गुवाहाटीतच नापास झाले होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांचा संघ हांगझोऊला सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोहोचला, दुसऱ्या दिवशी चीनशी खेळला आणि १-५ ने हरला. आम्ही शाळेचा संघसुद्धा पुण्याला विभागीय स्पर्धेसाठी नेताना एक दिवस आधी नेत असू, आणि तेव्हा मुले सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात उभ्याने येत.

मार्केझ यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. क्लब आणि देश असे दोन संघ त्यांना एकाच वेळी सांभाळायला देणे हीच मूळ चूक होती, आणि आठ सामन्यांत एक विजय घेऊन ते गेले. त्यांच्या काळातली एकच घटना मला महत्त्वाची वाटते : गोल करायला कोणी नाही म्हणून मार्च २०२५ मध्ये निवृत्त छेत्रीला वयाच्या चाळिसाव्या वर्षी परत बोलवावे लागले, आणि त्याने मालदीवविरुद्ध गोलही केला.

या सगळ्या निकालांत एक धागा आहे. जो संघ आपल्यापेक्षा बलवान आहे आणि आपल्यावर चालून येतो, त्याच्याशी आपण बरे खेळतो, पण जो आपल्या तोडीचा आहे आणि मागे बसून वाट पाहतो, त्याच्यासमोर आपल्याला दार सापडत नाही. अफगाणिस्तान, कुवेत, बांगलादेश, हाँगकाँग : प्रशिक्षक बदलले तरी अडचण तीच राहिली. इंडियन सुपर लीगमधले क्लब गोल करण्याचे काम परदेशी खेळाडूंना देतात, त्यामुळे भारतीय मुलगा कडेने धावायला शिकतो, पण गोलसमोरच्या गर्दीत पाठ देऊन उभे राहण्याची सवय त्याला लागत नाही. राष्ट्रीय प्रशिक्षक ही सवय दहा दिवसांच्या शिबिरात लावू शकत नाही, आणि म्हणून एवढ्यापुरता मी रेल्वेतल्या विद्यार्थ्याच्या बाजूने आहे.

आता जमील. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा हा माणूस, सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी नेमलेला पहिला भारतीय प्रशिक्षक. ऑगस्ट २०२५ मध्ये काम हाती घेतले तेव्हा लीग सुरू होणार की नाही, हेच ठरलेले नव्हते. तशा अवस्थेत त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कप स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी दोन सामने झाले, आणि माझी फूटपट्टी तिथे लागली. पहिल्या सामन्यात बचावपटू झिंगनला लाल कार्ड मिळाल्यानंतर दहा जणांनी खेळून, रहीम अलीच्या शेवटच्या क्षणीच्या गोलमुळे १-१ झाले. पाच दिवसांनी मडगावला १४व्या मिनिटाला छांगटेने आघाडी मिळवून दिली, आणि तरीही आपण १-२ असे हरून २०२७ च्या आशियाई चषकाबाहेर गेलो. दोन्ही गोल सोंग उइ-यंग या एकाच खेळाडूने केले. एक मध्यंतराच्या तोंडावर झाला, दुसरा ५८व्या मिनिटाला, आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात आपल्याला काहीच जमले नाही. झिंगन निलंबित होता, हे मी मोजतो. पण निलंबन पाच दिवस आधीच माहीत होते, हेही मोजतो.

तेव्हा माझे उत्तर असे आहे की, जमील त्या परीक्षेत नापास झाले, पण मी त्यांना आज काढणार नाही. स्टिमाच यांना अशा किमान चार परीक्षा मिळाल्या, जमील यांना एक. ढाक्याच्या पराभवावर तर मी निकाल देणारच नाही, कारण शिलाँगला बांगलादेशाशी ०-० झाले ते मार्केझ यांच्या हाताखाली. ती वही जमील यांची नव्हती.

हे उत्तर मी टपरीवर दिले तेव्हा 'काढा' म्हणणाऱ्याला ते पटले नाही. तो आता चाळिशी ओलांडलेला आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि शाळेत असताना माझा उजवा बॅक होता. पुढच्या खेपेस मी ती जुनी वही पिशवीत घालून नेली आणि ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ओळ दोनदा वाचली, बोटाने तारीख पाहिली आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"सर, मग फायनलला तरी मला बाहेर बसवायला पाहिजे होतं की ओ," तो म्हणाला.